देव पाण्यात आणि लेक यादीत तळाला

आमच्या घरात मत एकच आहे आणि तेही खुद्द उमेदवाराचं. मी आणि माझा नवरा अजून भारतीय पासपोर्टवाले. पंचवीस वर्षं इथे राहिलो, इथे कर भरला, बाटल्यांचे रंग बघून त्या वेगवेगळ्या पेट्यांत टाकायला शिकलो, तरी मतदानाच्या दिवशी आम्ही आपले घरी. लेक मात्र इथे जन्मली, तिचा पासपोर्ट जर्मन. आमच्या राज्यात सोळा पूर्ण झालेल्या मुलांना गावच्या निवडणुकीत मत देता येतं, हे मला ठाऊक होतं. त्यांना उभंही राहता येतं, हे मात्र मला एका रविवारी सकाळी कळलं. मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते. सतरा वर्षांच्या आमच्या पोरीने फ्रीज उघडला, आत डोकं घातलं आणि दूध संपलंय असं सांगावं तशा आवाजात म्हणाली, "आई, मी गेमाइंडेराटची निवडणूक लढवतेय."

गेमाइंडेराट म्हणजे आमच्या गावची नगरपरिषद. श्टुटगार्टहून एस-बान लोकलने अर्ध्या तासावर आमचं गाव आहे. नवरा रोज त्सुफेनहाउझेनला गाड्यांच्या कारखान्यात जातो, मी गावातल्याच एका छोट्या कंपनीत पंपांचे सुटे भाग खरेदी करते. आमच्या घराण्यात राजकारणाच्या वाटेला कधी कुणी गेलेलं नाही. पण निवडणुकीचं मला लहानपणापासून वेड. सांगलीला आमच्या गल्लीत रिक्षावरचा भोंगा शिरला की वडील खिडक्या लावून घ्यायचे आणि मी गच्चीवर पळायचे. पत्रकं गोळा करायची, कुठल्या वॉर्डात कोण येणार यावर भावाशी पैज लावायची, निकालाच्या दिवशी गुलालात न्हालेल्या जीपमागे पळायचं, हे मी सगळं केलंय. लग्नानंतर इथे आले आणि हा सण माझ्या आयुष्यातून गेला. त्यामुळे पोरगी जे बोलली ते ऐकून मी चाकू खाली ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, "कुठल्या पक्षाकडून?"

ती मराठी सगळं समजते, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते. तिचं बोलणं मी इथे मराठीत लिहितेय, एवढं लक्षात असू द्या. ती म्हणाली, पक्ष नाही, गावातल्या अपक्षांचा गट. त्या गटाचे म्होरके म्हणजे तिचे जुने भूगोलाचे मास्तर, आता निवृत्त. कारण एकच, पोहण्याचा तलाव. आमच्या गावात एक झाकलेला तलाव आहे. त्याला लागून कमरेएवढ्या पाण्याचा एक छोटा तलाव आहे, शिकणाऱ्यांसाठी, आणि त्याचं पाणी कोमट ठेवलेलं असतं. तो छोटा तलाव कायमचा बंद करायचा ठराव नगरपरिषदेपुढे येणार होता. आमची पोरगी दर शनिवारी तिथे लहान मुलांना पोहायला शिकवते, फुकट.

"मग मुलं शिकणार कुठे? थेट खोल पाण्यात?" ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. राग आला की तिचे कान लाल होतात, ते माझ्यावर गेलंय.

मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. नवऱ्याने मात्र शांतपणे चहा ओतला आणि विचारलं, "आबिटुरचं काय?" आबिटुर म्हणजे इथली बारावी. तिची परीक्षा पुढच्या वर्षी होती. आम्ही दोघींनी एकदमच त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने निमूट चहाचे कप पुढे सरकवले.

महिन्याभराने गटाची यादी आली आणि माझं डोकं फिरलं. आमच्या पोरीचं नाव सगळ्यांत तळाला! वर मास्तर, खाली रोपांची नर्सरीवाली बाई, मग आमचाच दातांचा डॉक्टर, मग कोण कोण, आणि सगळ्या शेवटी ही. शेवटचा नंबर! ज्या घरात दुसरा नंबर आला तर पहिला कोणाचा म्हणून विचारलं जायचं, त्या घरात मी वाढलेय. मला वाटलं, पोरगी लहान, नाव परदेशी, म्हणून यादी भरायला घेतली आणि तळाशी टाकली. मी तिला न सांगता मास्तरांना फोन लावला आणि जेवढं जर्मन येत होतं तेवढं सगळं त्यांच्यावर ओतलं.

मास्तर हसले. भला माणूस. म्हणाले, "ताई," म्हणजे त्यांनी आडनावानेच हाक मारली, पण त्यांचा सूर ताई म्हटल्यासारखाच होता, "आमच्याकडे नंबराला काही किंमत नाही. किंमत मतांना आहे." मग त्यांनी समजावून सांगितलं. नगरपरिषदेत जितक्या जागा, तितकी मतं प्रत्येक मतदाराला. ती वेगवेगळ्या उमेदवारांना वाटता येतात, अगदी वेगवेगळ्या गटांतल्यासुद्धा, आणि एखादा फारच आवडला तर त्या एकाला तीनपर्यंत देता येतात. गटाला किती जागा हे एकूण मतांवर ठरतं, आणि गटातलं कोण बसणार हे ज्याच्या त्याच्या मतांवर. तळाचा माणूस उडी मारून वर येऊ शकतो. "आणि माणसं यादी वाचताना वरची नावं बघतात आणि एकदम शेवटचं बघतात. मधल्यांना कोण विचारतं? ती जागा तुमच्या मुलीने स्वतः मागून घेतली, गेल."

हे 'गेल' म्हणजे आमच्या भागातलं 'बरं का'. मी फोन ठेवला आणि नवऱ्याला सांगितलं की पोरगी चलाख आहे. तो म्हणाला, "फोन कशाला केलास ते तिला सांगू नकोस." पण सगळं बोलणं स्पीकरवर झालं होतं आणि ती जिन्यात उभी होती. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

सांगलीला सासूबाईंना कळवलं. त्यांचा पहिला प्रश्न, "चिन्ह काय?" मी म्हटलं, "आई, इथे चिन्ह नसतं. लोक नाव वाचून मत देतात." त्यांना ते काही पटलं नाही. चिन्हाशिवाय माणूस लक्षात कसा राहायचा? शेवटी त्यांनी आपल्या परीने जे करायचं ते करायचं ठरवलं. "मतदानाच्या सकाळी मी देव पाण्यात ठेवते. निकाल लागल्याशिवाय काढणार नाही," त्या म्हणाल्या. नवरा फोनवर डोकावून म्हणाला, "आई, नातीला सांग, देवांनापण पोहायला शिकवेल." त्यावर त्याला जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

आता माझं. प्रचाराचा अनुभव घरात कुणाला असेल तर तो मला, निदान गच्चीवरून पाहिलेला. आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर मी बातमी टाकली आणि अभिनंदनाचा पाऊस पडला. म्युनिकपासून बाड हॉम्बुर्गपर्यंत सगळ्यांचा पाठिंबा! कुणी घोषणा लिहून दिल्या, कुणी व्हिडिओ बनवून देतो म्हणाला. त्या साऱ्यांत आमच्या गावचा मतदार एकही नव्हता. मतं होती ती आसपासच्या जर्मन घरांत, बेकरीत, फायर ब्रिगेडच्या जत्रेत. तिथे कसं पोचायचं? मला एकदम सुचलं. चैत्र चालू होता. आमच्याकडे प्रत्येक नगरसेविका निवडणुकीआधी जे करते तेच करायचं, हळदीकुंकू!

मी भावाला फोन केला. इकडे येणाऱ्या एका ओळखीच्याबरोबर त्याने स्टीलच्या वाट्या पाठवल्या, छान जाड बुडाच्या, वाण म्हणून लुटायला. आणि मारुती रोडवरच्या भांडीवाल्याकडून त्यांवर मशीनने नावही घालून घेतलं होतं, वर पोरीचं पूर्ण नाव, खाली 'यांजकडून सप्रेम भेट'. वाटी हातात घेतली आणि मला भरून आलं. मी निमंत्रणं छापली. इंडियन दुकानातून कैऱ्या आणल्या, आंब्याची डाळ आणि पन्ह्याचा बेत ठरवला, शेजारच्या आजींना तोंडी सांगूनही आले.

पोरगी शाळेतून आली. टेबलावर वाट्यांची चळत बघून तिने एक उचलली, नाव पाहिलं, आणि तिचे कान लाल झाले.

"आई, दास गेट गार निष्ट!" म्हणजे हे अजिबात चालणार नाही. "मतदारांना घरी बोलावून माझ्या नावाची भांडी वाटणार? इथे याला मतं विकत घेणं म्हणतात!"

"अगं, वाण आहे ते. वाण कुणी विकत घेतं का?"

"हे तू न्यायाधीशाला समजावणार का?"

"एवढ्याशा वाटीसाठी कोण कोर्टात जातं?" मी म्हटलं. पण तिचा आवाज कापत होता आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. या निवडणुकीत तिचा जीव किती अडकला आहे ते मला तेव्हा कळलं. नवरा म्हणाला, नाव मराठीत आहे, कुणाला वाचता येणार? तेवढ्याने ती हसली नाही. वाट्या तळघरात गेल्या. निमंत्रणं परत घेतली. आंब्याची डाळ आम्ही तिघांनी आठवडाभर खाल्ली. आणि मी कबूल केलं, की मतदान होईपर्यंत प्रचाराचा एक शब्द काढणार नाही.

हा शब्द पाळणं सोपं नव्हतं. दर बुधवारी सकाळी, कामाला जाण्याआधी, मी त्याच छोट्या तलावात उतरते. आम्ही पंधरा-वीस बायका, बहुतेक सत्तरीच्या पुढच्या, कमरेएवढ्या कोमट पाण्यात उड्या मारतो, हात फिरवतो, गुडघे उचलतो. सगळ्यांत तरुण मी. शेजारच्या आजीही त्यात आहेत. एका हिवाळ्यात आमच्या शिक्षिकेचं कंबरेचं हाड मोडलं तेव्हा आमच्या पोरीनेच शाळेआधी येऊन आमचा वर्ग चालवला होता. कुणाचा खांदा आखडतो, कुणाला उडी मारायची नाही, सगळं तिला पाठ झालं होतं. त्या बायका आता पाण्यात गोल उभ्या राहून सगळ्या गावाच्या गप्पा मारत, आणि मी तोंडाला कुलूप लावून गुडघे उचलत असे. एकदा आजी म्हणाल्या, "तुमच्याकडे काय नवीन?" मी म्हटलं, "काही नाही. हवा छान आहे." माझ्या आयुष्यात मी इतकी गप्प कधी राहिले नव्हते.

जूनमधला तो रविवार उजाडला. पोरगी सकाळीच शाळेत जाऊन मत देऊन आली. "स्वतःला तीन दिलीस ना?" मी विचारलं. ती म्हणाली, मतदान गुप्त असतं. आईपासून गुप्त! तिकडे सांगलीला सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले होते आणि दर तासाला फोन करत होत्या.

संध्याकाळी सहाला मतदान संपलं आणि मास्तरांनी मला एक गोष्ट सांगितली जी मला पंचवीस वर्षांत माहीत नव्हती. इथे मतमोजणी कुणालाही बघता येते. मत नसलं तरी. ओळखपत्र दाखवावं लागत नाही. मला खरं वाटेना. मी घरातल्या साडीवरच, म्हणजे रविवारी मी घरी साडी नेसते त्या साडीवरच, शाळेकडे निघाले. दाराशी पोलीस नाही, बॅरिकेड नाही, उमेदवारांचे एजंट नाहीत. आत व्यायामाच्या हॉलमध्ये लांब टेबलं जोडलेली आणि त्यांभोवती गावातली माणसं, थर्मास, लोणी लावलेले ब्रेत्सेल आणि मतपत्रिकांचे ढीग. मी दारात थबकून विचारलं, आत येऊ का? एका बाईने मान वर करून म्हटलं, "नाट्युअरलिष!" म्हणजे अर्थातच, आणि पुन्हा कागद उलगडायला लागली.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. मतपत्रिका म्हणजे भलेमोठे कागद, टेबलाबाहेर लोंबणारे, प्रत्येक गटाचा वेगळा. त्या दिवशी युरोपची निवडणूकही होती, ती आधी मोजायची होती, आणि आमच्या गावच्या पत्रिका फक्त वेगळ्या लावून ठेवत होते. ज्यांवर काहीच न लिहिता अख्खी यादी स्वीकारलेली त्या एका बाजूला, आणि ज्यांवर लोकांनी हाताने आकडे घातलेले त्या दुसऱ्या बाजूला. त्यांची मोजणी सोमवारी. पण कागद उलगडताना लांबूनसुद्धा दिसायचं. आमच्या गटाच्या एका पत्रिकेच्या तळाच्या ओळीत मला ठळक तीन दिसला. मग आणखी एक. मग बराच वेळ काही नाही, आणि माझा जीव खाली-वर. मग परत तीन! कुणीतरी, ज्याचं तोंड मी पाहिलेलं नाही, आपल्या स्वयंपाकघरात बसून, पेन घेऊन, माझ्या पोरीच्या नावापुढे तीन लिहिला होता. मला तिथेच टाळी वाजवावीशी वाटली. मी पदर तोंडाशी धरून उभी राहिले.

सोमवारी मी कामावर अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मुद्दाम साडी नेसले. राटहाउस म्हणजे नगरपरिषदेची इमारत, तिच्या वरच्या सभागृहात मोठा पडदा लावला होता. एकेका मतदान केंद्राचे आकडे येतील तसे पडद्यावर बदलत होते. पोरगी शाळेतून तडक आली, दप्तर पाठीवरच. नवरा त्सुफेनहाउझेनहून लवकर सुटून आला होता, आणि राजकारण नको म्हणणारा हाच माणूस कागदावर आकडेमोड करत बसला. माझ्या पर्समध्ये गुलालाची पुडी होती. ती गणपतीतली उरलेली, कुणाला सांगितलं नव्हतं.

तीन वाजेपर्यंत जवळजवळ नक्की झालं की गटाला तीन जागा. मास्तर पहिले, फार पुढे. नर्सरीवाली दुसरी. तिसरा आमचा दातांचा डॉक्टर. आणि चौथी, त्याच्या अगदी पाठोपाठ, आमची पोरगी! तळावरून चौथी! मी नवऱ्याचा दंड इतका जोरात दाबला की तो कळवळला. पण जागा तीनच. आणि डॉक्टर तिथेच, आमच्या पुढच्या रांगेत बसलेला. माझी एक दाढ त्याच्याकडे अर्धी भरून झाली होती, अर्धी पुढच्या आठवड्यात. मी मनातल्या मनात त्याचे आकडे खाली यावेत म्हणून धावा करत होते आणि तो मागे वळून म्हणाला, "काय, दुखतंय का अजून?" मी म्हटलं, "नाही नाही."

आता फक्त ब्रीफवाल, म्हणजे पोस्टाने आलेली मतं, राहिली होती. ते ऐकून पोरीचा चेहरा उतरला. पोस्टाने मत देतात ती म्हातारी माणसं, ज्यांना शाळेपर्यंत चालवत नाही. म्हातारी माणसं म्हणजे डॉक्टरचे पेशंट. सतरा वर्षांच्या पोरीला ती कशाला मत देतील? मास्तरसुद्धा चष्मा पुसत बसले. ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिने माझ्या साडीचा पदर बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. लहानपणी डॉक्टरकडे नेलं की असंच करायची. देवा, नाही झालं तरी चालेल, पण हिला रडू देऊ नकोस, असं मी म्हटलं, आणि लगेच, नाही, झालंच पाहिजे, असंही म्हटलं.

सासूबाईंचा फोन. "लागला का? अगं, दुसरा दिवस पाण्यात. बाळकृष्णाला सर्दी व्हायची!"

"आई, थांबा जरा," म्हणत मी फोन चालूच ठेवून मांडीवर पालथा टाकला, कारण पडदा एकदम रिकामा झाला होता.

मग आकडे आले. मी आधी तिसऱ्या ओळीत पाहिलं. तिथे नर्सरीवाली. चौथ्यात पाहिलं. तिथे डॉक्टर. नाव गेलं कुठे? नवरा ओरडला, आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला ओरडताना ऐकलं, "वर बघ, वर! दुसरी!"

दुसरी! मास्तरांच्या खाली, बाकी सगळ्यांच्या वर! पोरगी उठून उभी राहिली, दोन्ही हात तोंडावर. मास्तरांनी तिला मिठी मारली. डॉक्टर उठला, क्षणभर पडद्याकडे पाहत राहिला, मग येऊन त्याने तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला की त्याच्या नातीला आता तरी पोहायला शिकव. मला इतकं बरं वाटलं की मी त्याला दाढ माफ करून टाकली. मग मी पर्स उघडली. "आई, नाही!" पोरगी म्हणाली, पण तोवर माझं बोट तिच्या कपाळाला लागलं होतं. मास्तरांनी विचारलं, हे काय? नवरा म्हणाला, जिंकल्यावर लावतात. तर मास्तरांनी वाकून आपलं कपाळ पुढे केलं, आणि पाठोपाठ डॉक्टरनेही. राटहाउसच्या फिकट गालिच्यावर थोडा गुलाल सांडला, तो मी रुमालाने गुपचूप टिपला. फोन उचलला तर सासूबाई केव्हाच्या हॅलो हॅलो करत होत्या. "आई, काढा देव पाण्यातून! दुसरी आली!"

त्यांनी देवांना पुसायला पंचा मागवला आणि मग विचारलं, "पहिला कोण?"

बुधवारी तलावात उतरले तर सगळ्या बायका पाण्यात गोल करून माझी वाट बघत होत्या. शेजारच्या आजी म्हणाल्या, "काय, हवा छान आहे ना?" आणि सगळ्या हसल्या. पोस्टाने आलेल्या पत्रिका त्यांच्या होत्या. प्रत्येकीने तिच्यापुढे तीन लिहिला होता, बहिणींना, नणंदांना, पत्त्यांच्या टेबलावरच्या मैत्रिणींना सांगून लिहायला लावला होता. मी तोंडाला कुलूप लावलं होतं त्या सगळ्या आठवड्यांत त्यांचा प्रचार जोरात चालू होता. मी त्या कोमट पाण्यात ढसाढसा रडले. रडणं लपवायला तिथे फारसे कष्ट पडत नाहीत, एवढं बरं होतं. पुढच्या रविवारी त्या सगळ्यांना घरी बोलावलं, तेव्हा पोरीने स्वतः तळघरातून वाट्या आणल्या आणि म्हणाली, आता चालेल. आजींनी वाटीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि काय लिहिलंय म्हणून विचारलं. मी वाचून दाखवलं.

नव्या परिषदेची पहिली बैठक जुलैत झाली. पोरगी माझ्या निळ्या कुर्त्यात, समोर माईक आणि नावाची पाटी. मी आणि तलावातल्या बायका मागच्या खुर्च्यांवर. सुरुवातीला नगराध्यक्षांनी जाहीर केलं की आता रहिवाशांचे प्रश्न. मी मास्तरांना आधीच विचारून ठेवलं होतं. इथे प्रश्न विचारायला मत असावं लागत नाही, गावात राहत असलं की झालं. मी उठले. समोर पोरीने माझ्याकडे पाहिलं आणि तिचे कान लाल झाले.

नगराध्यक्ष म्हणाले, "आधी आपलं नाव, आणि आपण इथे राहता का?"

"मी इथे राहते," मी म्हटलं. "पंचवीस वर्षं." मग नाव सांगितलं. आडनाव ऐकून सगळं सभागृह पोरीकडे वळलं. घरी आरशासमोर घोकलेलं मी सगळं बोलले. छोट्या तलावाचं पाणी गेला महिनाभर गार का आहे? बंद करायच्या आधीच थंड करून ठेवलं तर लोक यायचे थांबतील आणि मग म्हणाल, कुणी येतच नाही. त्याचं पाणी पुन्हा गरम कधी होणार?

नगराध्यक्ष म्हणाले की याची नोंद घेतली आहे, माहिती घेऊन कळवू. असं उत्तर मी सांगलीतही ऐकलंय. मी खाली बसणार, एवढ्यात समोरच्या टेबलावरचा एक लाल दिवा लागला. पोरीने माईकचं बटण दाबलं होतं.

"नगराध्यक्ष महोदय," ती म्हणाली, परिषदेतलं तिचं पहिलंच वाक्य, "या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर मलाही हवं आहे. लेखी. पुढच्या बैठकीच्या आत."

मागे आजींनी खुर्चीच्या हातावर मूठ ठोकली, इथे टाळ्यांऐवजी तसं करतात, आणि मग सगळ्या बायका ठोकायला लागल्या. या बाई म्हणे! मी खाली बसले आणि पदराने डोळे पुसले. समोर तिने माईक बंद केला आणि माझ्याकडे न बघता हसायला लागली.